लुई ब्रेल

लुई ब्रेल (जन्म : कूपव्रे, फ्रान्स, ४ जानेवारी १८०९, मृत्यू : पॅरिस, ६ जानेवारी १८५२) हे फ्रेंच अध्यापक, ऑर्गनवादक व अंधांसाठीच्या ब्रेल लिपीचे जनक होते. वयाच्या तिसऱ्या वर्षी झालेल्या अपघातामुळे त्यांची दृष्टी गेली. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत त्यांनी उठावाच्या सहा टिंबांवर आधारलेली, बोटांनी वाचता व हाताने लिहिता येणारी लिपी सिद्ध केली. त्यांच्या हयातीत या लिपीला शासकीय मान्यता मिळाली नाही. पुढे मात्र ती जगभर स्वीकारली गेली. मराठीसह भारतीय भाषा आज ज्या 'भारती ब्रेल' पद्धतीने लिहिल्या जातात, ती याच लिपीचे रूप आहे.

ब्रेल यांनी डोळ्यांसाठी घडलेल्या अक्षरांचे आकार बाजूला ठेवले आणि प्रत्येक चिन्ह 'टिंब आहे' किंवा 'टिंब नाही' एवढ्याच भेदावर उभे केले. त्यामुळे ही लिपी कोणत्याही एका भाषेशी बांधलेली राहिली नाही, आणि दीडशेहून अधिक वर्षांनंतर संगणकाच्या संकेतव्यवस्थेतही तिला मूळ रचना न बदलता स्थान मिळाले.

बालपण व अपघात

लुई ब्रेल यांचा जन्म पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील कूपव्रे या गावी झाला. वडील सिमों-रने ब्रेल हे खोगीर व घोड्यांचा साज तयार करणारे कारागीर होते. आईचे नाव मोनिक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटे होते.

१८१२ साली, तीन वर्षांचे असताना, वडिलांच्या कर्मशाळेत खेळता खेळता एक टोकदार अवजार त्यांच्या डोळ्यात घुसले. बहुतेक चरित्रकारांच्या मते ते कातडे टोचण्याची आरी होते. जखम चिघळली व संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला. जंतुसंसर्गावर परिणामकारक उपचार त्या काळी उपलब्ध नव्हते. पाच वर्षांचे होईपर्यंत लुई पूर्णपणे अंध झाले.

त्या काळात गरीब घरातील अंध मुलांच्या वाट्याला बहुधा भिक्षा किंवा परावलंबन येत असे. लुईच्या आईवडिलांनी मात्र त्यांना इतर मुलांप्रमाणेच वाढविले. वडिलांनी लाकडावर खिळे ठोकून अक्षरांचे आकार तयार केले व ते बोटांनी चाचपून मुलाला अक्षरओळख करून दिली. गावचे धर्मगुरू झाक पालुई यांनी त्यांना आरंभीचे धडे दिले. पुढे गावच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला व तेथे केवळ ऐकून शिकणारा हा मुलगा हुशार विद्यार्थी ठरला. ऐकलेले तो लक्षात ठेवू शकत होता, परंतु स्वतः वाचू अथवा लिहू शकत नव्हता.

पॅरिसमधील शिक्षण

पालुई व अन्य हितचिंतकांच्या प्रयत्नांमुळे १५ फेब्रुवारी १८१९ रोजी लुई यांना पॅरिसच्या राजकीय अंध विद्यालयात प्रवेश मिळाला. त्या वेळी ते दहा वर्षांचे होते. व्हालांतँ आयुई यांनी १७८५ साली सुरू केलेल्या शाळेतून हे विद्यालय उभे राहिले होते. विद्यालयाची इमारत जुनी, कोंदट व दमट होती. शिस्तही कडक होती.

आयुई यांनी अंधांसाठी उठावाच्या अक्षरांची पुस्तके तयार केली होती. ओल्या जाड कागदावर मोठी रोमन अक्षरे दाबून उमटविली जात. अंध व्यक्तीला वाचायला शिकविता येते, हे या प्रयत्नाने प्रथम सिद्ध झाले आणि त्याचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. तथापि या पद्धतीत दोन मूलभूत उणिवा होत्या. पहिली म्हणजे, वळणे व रेषा डोळ्याला चटकन ओळखू येतात, परंतु बोटाला प्रत्येक अक्षराची कडा चाचपीत जावे लागते. त्यामुळे वाचन अतिशय संथ होई आणि पुस्तके अवजड होत. दुसरी उणीव अधिक गंभीर होती. ही अक्षरे छापखान्यातच उमटविता येत. अंध विद्यार्थ्याला ती स्वतः लिहिता येत नसत. वाचकाला लेखक होण्याचा मार्गच बंद होता.

बार्बिये यांची टिंबलिपी

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिये यांनी तयार केलेली एक लेखनपद्धती विद्यालयात आली. बार्बिये हे पूर्वी सैन्यात होते. अंधारातही वाचता येणारी ही लिपी 'रात्रलेखन' या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्यात कागदावर टोचून उमटविलेल्या टिंबांचा उपयोग केला होता.

बार्बिये यांनी फ्रेंच भाषेतील ३६ ध्वनी सहा ओळी व सहा स्तंभांच्या तक्त्यात मांडले. प्रत्येक ध्वनीसाठी टिंबांच्या दोन उभ्या रांगा काढायच्या. डावीकडील टिंबांची संख्या तक्त्यातील ओळ सांगे व उजवीकडील टिंबांची संख्या स्तंभ सांगे. एका चिन्हात जास्तीत जास्त १२ टिंबे येत. लिहिण्यासाठी खाचांची पट्टी व टोकदार कलम वापरले जाई. टिंब बोटाला रेषेपेक्षा अधिक स्पष्ट जाणवते व ते हाताने उमटविता येते, या दोन गोष्टी या पद्धतीने दाखवून दिल्या.

मात्र तिच्या मर्यादाही विद्यार्थ्यांच्या लवकरच लक्षात आल्या. चिन्ह उंच असल्याने ते बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. टिंबे मोजावी लागत. लेखन ध्वनीनुसार असल्यामुळे शुद्धलेखन शिकता येत नसे. विरामचिन्हे, अंक व संगीतलिपी यांचीही सोय नव्हती.

सहा टिंबांची लिपी

लुई ब्रेल यांनी या पद्धतीवर विद्यार्थिदशेतच काम सुरू केले. वर्ग संपल्यानंतरच्या वेळात व सुटीत कूपव्रे येथे राहून त्यांनी अनेक प्रयोग केले. १८२४ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांच्या लिपीचा सांगाडा तयार झाला होता.

त्यांनी केलेला बदल केवळ टिंबांची संख्या निम्मी करण्याचा नव्हता. बार्बिये यांच्या पद्धतीत टिंबे किती आहेत याला महत्त्व होते. ब्रेल यांच्या पद्धतीत टिंब कोणत्या जागी आहे याला महत्त्व आले. दोन स्तंभ व तीन ओळींच्या चौकटीत सहा जागा असतात. डाव्या स्तंभात वरून खाली १, २, ३ आणि उजव्या स्तंभात ४, ५, ६ असे त्यांचे क्रमांक आहेत. प्रत्येक जागी टिंब असेल किंवा नसेल. त्यामुळे एकूण ६४ रचना संभवतात आणि पूर्ण रिकामी चौकट सोडल्यास ६३ चिन्हे मिळतात. संपूर्ण चौकट बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी येते, म्हणून मोजण्याची गरज राहत नाही.

अक्षरांची मांडणीही पद्धतशीर आहे. रोमन वर्णमालेतील ए ते जे ही पहिली दहा अक्षरे केवळ वरच्या चार जागा (१, २, ४, ५) वापरून तयार होतात. याच दहा आकृत्यांना टिंब ३ जोडले की के ते टी ही पुढील दहा अक्षरे मिळतात. टिंब ३ व ६ दोन्ही जोडले की पुढील रांग तयार होते. डब्ल्यू हे अक्षर त्या काळच्या फ्रेंच वर्णमालेत धरले जात नसल्यामुळे ते या क्रमात बसलेले नाही. त्याची आकृती नंतर ठरली. पहिल्या दहा आकृत्यांपूर्वी अंकचिन्ह दिले की त्याच आकृत्या अंक म्हणून वाचल्या जातात.

१८२९ साली ब्रेल यांनी आपल्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. शब्द, संगीत व धर्मगीते टिंबांच्या साहाय्याने लिहिण्याची रीत त्यात दिली होती. पहिल्या आवृत्तीत टिंबांबरोबर आडव्या रेषाही होत्या. रेषा टोचून लिहिणे गैरसोयीचे आढळल्यामुळे १८३७ च्या सुधारित आवृत्तीत लिपी टिंबांवरच स्थिर करण्यात आली.

अध्यापक व संगीतकार

शिक्षण पूर्ण झाल्यावर ब्रेल त्याच विद्यालयात साहाय्यक शिक्षक झाले व १८३३ साली त्यांची पूर्ण वेळ अध्यापक म्हणून नेमणूक झाली. इतिहास, भूमिती व बीजगणित हे विषय ते शिकवीत. ते निष्णात ऑर्गनवादक होते. पॅरिसमधील सें-निकोला-दे-शां या चर्चमध्ये त्यांनी काही वर्षे वादक म्हणून काम केले. त्यांनी सिद्ध केलेली ब्रेल संगीतलिपी अंध संगीतकारांच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली.

१८३५ च्या सुमारास त्यांना क्षयरोगाने गाठले. पुढील सुमारे सोळा वर्षे प्रकृतीच्या चढउतारांतच त्यांनी अध्यापन व संशोधन केले.

१८३९ साली त्यांनी आणखी एक लेखनपद्धती प्रसिद्ध केली. अंध विद्यार्थ्याने ब्रेलमध्ये लिहिलेले पत्र घरच्या डोळस मंडळींना वाचता येत नसे. त्यासाठी ब्रेल यांनी रोमन अक्षरांचे नेहमीचे आकार टिंबांच्या जाळीतून उमटविण्याची रीत बसविली. अक्षराची कोणती टिंबे कोठे टोचायची, याचे तक्ते त्यांनी तयार केले. हे लेखन सोपे व्हावे म्हणून पिएर-फ्रांस्वा-व्हिक्तोर फूको या अंध यंत्रकाराने त्यांच्या सहकार्याने एक यंत्र घडविले. अंध व डोळस यांच्यातील पत्रव्यवहाराच्या यंत्रांत ते आरंभीचे मानले जाते.

विरोध व स्वीकार

विद्यालयाचे संचालक आलेक्सांद्र-रने पिन्ये हे ब्रेल यांच्या पद्धतीला अनुकूल होते. १८४० साली त्यांना पदावरून दूर करण्यात आले व पिएर-आर्मां द्युफो संचालक झाले. अंधांची लिपी डोळसांच्या लिपीहून वेगळी असेल तर अंध समाजापासून तुटतील, असा त्या काळी अनेक शिक्षणतज्ज्ञांचा आक्षेप होता. विद्यालयात पुन्हा उठावाच्या रोमन अक्षरांना प्राधान्य मिळाले व ब्रेल लिपी मागे सारली गेली.

विद्यार्थ्यांनी ती सोडली नाही. टिपणे काढण्यासाठी, एकमेकांना पत्रे लिहिण्यासाठी व संगीत उतरवून घेण्यासाठी त्यांच्याजवळ दुसरे साधन नव्हते. ही लिपी टिकली ती मुख्यतः वापरणाऱ्यांच्या आग्रहामुळे. उपसंचालक जोझेफ गादे यांना तिचे महत्त्व पटले. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी विद्यालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी त्यांनी ब्रेल लिपीची माहिती दिली व विद्यार्थ्यांनी तिचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. त्यानंतर द्युफो यांचा विरोध मावळला.

६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ वा वाढदिवस झाल्यानंतर दोन दिवसांनी, ब्रेल यांचे निधन झाले. कूपव्रे येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५४ साली, फ्रान्समध्ये त्यांच्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली. ब्रिटनमध्ये १८६८ पासून टॉमस आर्मिटेज व त्यांच्या अंध सहकाऱ्यांनी तिचा प्रसार केला. १८७८ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ब्रेल पद्धतीचा पुरस्कार केला. अमेरिकेत मात्र वेगवेगळ्या टिंबलिप्यांमध्ये दीर्घकाळ वाद चालला व इंग्रजीसाठी समान ब्रेल १९३२ साली निश्चित झाली.

भारती ब्रेल

भारतात आरंभी निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल पद्धती प्रचारात होत्या. एका भाषेत शिकलेल्या व्यक्तीला दुसऱ्या भाषेतील ब्रेल नव्याने शिकावी लागे. भारत सरकारने १९४९ साली युनेस्कोचे साहाय्य मागितले व १९५१ साली भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल निश्चित झाली. समान ध्वनीला शक्यतो समान चिन्ह, हे तिचे तत्त्व आहे. मराठीतील क, बंगालीतील क व तमिळमधील क यांची डोळ्यांना दिसणारी रूपे वेगळी असली, तरी बोटाखाली तिन्ही ठिकाणी टिंबे १ व ३ हीच येतात. शक्य तेथे मूळ रोमन अक्षरांशीही मेळ राखला आहे. म्हणून के या अक्षराची आकृती 'क'ला आणि एल या अक्षराची आकृती 'ल'ला मिळाली.

देवनागरी लेखनाहून भारती ब्रेलची मांडणी काही बाबतींत वेगळी आहे. स्वर व त्याची मात्रा यांसाठी एकच चिन्ह असते आणि ते व्यंजनानंतर येते. त्यामुळे 'कि' लिहिताना इकाराचे चिन्ह 'क'च्या आधी न येता उच्चाराप्रमाणे नंतर येते. जोडाक्षरात हलन्तचिन्ह (टिंब ४) पहिल्या व्यंजनाच्या आधी दिले जाते. 'ब्रेल' हा शब्द हलन्त, ब, र, ए, ल अशा पाच चौकटींत लिहिला जातो.

मराठी ब्रेलमध्ये पाठ्यपुस्तके व साहित्य उपलब्ध होत असून, २००८ साली सुरू झालेले 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक प्रसिद्ध आहे.

संगणकीय संकेतांकन

संगणक प्रत्येक माहिती शून्य व एक या दोन अंकांच्या साहाय्याने साठवितो. ब्रेल चौकटीतील प्रत्येक जागाही रिकामी किंवा भरलेली अशा दोनच अवस्थांत असते. सहा टिंबांची चौकट म्हणजे सहा द्विमान अंक किंवा सहा बिट होत. त्यामुळे ब्रेलचे संगणकात रूपांतर करताना आकृतीची नवी व्याख्या करावी लागली नाही. टिंबांचे क्रमांक तेवढे अंकांत मांडावे लागले.

आरंभीच्या पद्धतीत आस्की या संकेतसंचातील ६४ रोमन अक्षरे, अंक व चिन्हे ब्रेलच्या ६४ रचनांशी जोडली गेली. या पद्धतीने साठविलेल्या फाइलींना बीआरएफ फाइल म्हणतात व ब्रेल छापणारी यंत्रे त्या आजही स्वीकारतात. अशा फाइलीत 'ब्रेल' हा मराठी शब्द ॲट हे चिन्ह व त्यापुढे बी, आर, ई, एल ही रोमन अक्षरे या रूपात साठविला जातो. मजकूर मराठी आहे की इंग्रजी, हे केवळ फाइलीतील चिन्हांवरून संगणकाला कळत नाही.

१९९९ साली युनिकोडच्या ३.० या आवृत्तीत ब्रेल आकृत्यांसाठी स्वतंत्र विभाग देण्यात आला. यू+२८०० ते यू+२८एफएफ या टप्प्यात २५६ संकेतांक आहेत. संगणकीय वापरासाठी चौकटीच्या तळाशी टिंब ७ (डावीकडे) व टिंब ८ (उजवीकडे) अशी आणखी एक ओळ जोडली गेली होती. आठ टिंबांच्या एकूण रचना २५६ होतात, म्हणून संकेतांकही तेवढेच आहेत. त्यांपैकी पहिले ६४ संकेतांक म्हणजे मूळ सहा टिंबांच्या सर्व रचना होत.

प्रत्येक आकृतीचा संकेतांक तिच्यातील टिंबांवरून काढता येतो. टिंब १ ते ८ यांचे मूल्य अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२, ६४ व १२८ असते. आकृतीत असलेल्या टिंबांच्या मूल्यांची बेरीज करून ती षोडशमान पद्धतीने २८०० मध्ये मिळवायची. 'ब्रेल' या शब्दाचे उदाहरण असे :

हलन्त : टिंब ४, मूल्य ८, संकेतांक यू+२८०८
ब : टिंबे १, २, मूल्य ३, संकेतांक यू+२८०३
र : टिंबे १, २, ३, ५, मूल्य २३, षोडशमानात १७, संकेतांक यू+२८१७
ए : टिंबे १, ५, मूल्य १७, षोडशमानात ११, संकेतांक यू+२८११
ल : टिंबे १, २, ३, मूल्य ७, संकेतांक यू+२८०७

युनिकोडने या संकेतांकांना अक्षरांची नावे दिलेली नाहीत. आकृतीत कोणती टिंबे आहेत एवढेच नावात सांगितले आहे. एकच आकृती भाषेनुसार व संदर्भानुसार वेगवेगळा अर्थ देते, हे त्याचे कारण होय. टिंबे ३, ४, ५, ६ यांची आकृती मराठीत 'ण' आहे, तर अंकांपूर्वी ती अंकचिन्ह ठरते. टिंबे १, २, ३, ४, ६ यांची आकृती मराठीत 'ष' आहे, तर इंग्रजी संक्षिप्त ब्रेलमध्ये ती 'आणि' या अर्थाच्या संपूर्ण शब्दासाठी वापरली जाते. म्हणून या विभागात आकृती साठविली जाते, तिचा अर्थ साठविला जात नाही.

यामुळे सर्वसाधारण मराठी मजकूर संगणकात ब्रेलच्या संकेतांकांत न ठेवता देवनागरीच्या संकेतांकांत ठेवणेच सोयीचे असते. वाचनाच्या वेळी रूपांतर करणारी प्रणाली भाषेचे नियम लावून त्यातून टिंबे तयार करते. लुई ब्रेल यांच्या नावावरून 'लिबलुई' असे नामकरण झालेली मुक्तस्रोत प्रणाली हे काम अनेक भाषांसाठी करते. स्पर्शपट्टीवरील बारीक खुंट्या त्यानुसार वर-खाली होतात व वाचक त्या बोटांनी वाचतो. मजकूर चित्ररूपात, म्हणजे पानाचे छायाचित्र म्हणून ठेवलेला असेल, तर त्यात अक्षरांचे संकेतांक नसतात. अक्षरओळखीची निराळी प्रक्रिया केल्याखेरीज त्यातून ब्रेल तयार होऊ शकत नाही. अंध वाचकांच्या दृष्टीने मजकूर युनिकोडमध्ये असण्याचे महत्त्व यामुळेच आहे.

ब्रेल संकेतांक वापरताना काही बाबी ध्यानात ठेवाव्या लागतात. यू+२८०० ही रिकामी चौकट डोळ्यांना मोकळ्या जागेसारखी दिसते, परंतु संगणक तिला नेहमीची मोकळी जागा मानत नाही. त्यामुळे शब्द वेगळे करताना किंवा शोधताना घोटाळा होऊ शकतो. तसेच पडद्यावर दिसणारी ब्रेल आकृती सपाट असते. स्पर्शपट्टी किंवा ब्रेल छपाईयंत्र यांच्यावाचून ती अंध वाचकाच्या उपयोगाची नसते.

स्मृती व सन्मान

मृत्यूनंतर १०० वर्षांनी, १९५२ साली, ब्रेल यांचे अवशेष कूपव्रे येथून पॅरिसच्या पाँथेओं या राष्ट्रीय स्मारकात समारंभपूर्वक हलविण्यात आले. त्यांचे हात मात्र गावकऱ्यांच्या इच्छेनुसार कूपव्रे येथील थडग्यावर एका कलशात ठेवण्यात आले आहेत. त्यांचे जन्मघर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

२००९ साली त्यांच्या द्विजन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे काढले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या निर्णयानुसार २०१९ पासून ४ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस 'जागतिक ब्रेल दिन' म्हणून पाळला जातो.